जात्यावरील ओवीचे जतन : घोडेगाव–नेवासे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लोकगीतांचे जतन हा विषय आपल्याकडे बहुधा भावनेच्या अंगाने मांडला जातो. जुने लोक गेले, त्यांची गाणी गेली, नव्या पिढीला काही ठाऊक नाही, अशी हळहळ व्यक्त होते आणि बहुतेक वेळा चर्चा तेथेच थांबते. जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, ते कोणी करावयाचे आणि कोणासाठी, हे प्रश्न त्या हळहळीत मागे पडतात. वास्तविक या प्रश्नांना महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. वेगवेगळ्या काळातील संकलकांनी त्यांना वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांमुळे काही गोष्टी टिकल्या आणि काही कायमच्या हातून गेल्या.

प्रस्तुत लेखात जात्यावरील ओवी या स्त्रीगीत प्रकाराच्या आधारे हा इतिहास तपासला आहे. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्याचा, विशेषतः घोडेगाव परिसराचा संदर्भ घेतला आहे. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील घोडेगाव जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी सर्वपरिचित आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक येथूनच वळतात. या वर्दळीच्या गावाची लोकगीतांच्या संदर्भात सहसा आठवण होत नाही. परंतु मराठी ओवीच्या इतिहासात नेवासे परिसराचे जे स्थान आहे, ते पाहता जतनाचा प्रश्न या भूमीत विचारणे सर्वथा उचित ठरते.

ओवीची प्राचीनता आणि नेवासे परिसर

ओवी हा ग्रंथांत येण्यापूर्वी गळ्यातून गाइला जाणारा प्रकार होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाहीत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. हा ग्रंथ १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी स्त्रियांच्या श्रमाशी जोडलेली ओवी एका राजाने नोंद घ्यावी इतकी रूढ झाली होती.

ज्या दगडावर ही ओवी पुढे वाढली, त्या जात्याचा पुरावाही नेवाशाच्या मातीतच सापडतो. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन वस्तीपासून पुढच्या काळापर्यंतचे थर तेथे उघड झाले. त्यांपैकी सातवाहनकालीन थरांत फिरत्या जात्याचे दगड मिळाले. भारतातील फिरत्या जात्यांच्या इतिहासाची चर्चा करताना सांकलियांनी या पुराव्याला महत्त्व दिले आहे. त्यापूर्वीच्या थरांत धान्य रगडण्याचे पाट्यासारखे दगड आढळतात. तात्पर्य, या परिसरातील स्त्रिया सुमारे दोन हजार वर्षे जाते फिरवीत आल्या आहेत. त्या आरंभापासून ओवी गात होत्या असे सिद्ध करता येणार नाही. मात्र ओवीला आधार देणारे श्रमाचे साधन येथे किती जुने आहे, हे यावरून स्पष्ट होते.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथेच ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथाने स्त्रियांच्या गळ्यातील छंदाला तत्त्वज्ञानाचे वाहन केले. येथून ओवीचे दोन प्रवाह दिसू लागतात. ग्रंथातील ओवीला परंपरेप्रमाणे सच्चिदानंदबाबांसारखा लेखक मिळाला, नंतर हस्तलिखितांची परंपरा मिळाली आणि पाठांत भेसळ झाली तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, संत एकनाथांसारखा संपादक मिळाला. तिचा पाठ निश्चित झाला, पारायणे सुरू झाली, पुढे मुद्रित आवृत्त्या निघाल्या. जात्यावरील ओवीला यांपैकी काहीही मिळाले नाही. तिला लेखक नव्हता, पोथी नव्हती आणि शुद्ध पाठ अशी कल्पनाही नव्हती.

स्त्रीगीताला लेखन लाभल्याची उदाहरणे मध्ययुगात नाहीत असे नाही. १३ व्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ हे विवाहप्रसंगी गावयाच्या गीतांच्या परंपरेतून आलेले आहेत. ते टिकले, कारण महानुभाव पंथाने त्यांना आपल्या पवित्र वाङ्मयात स्थान दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या प्रती केल्या. म्हणजे ज्या गीतामागे एखादा पंथ, मठ वा दरबार उभा राहिला ते लिखित स्वरूपात टिकले आणि ज्याच्यामागे केवळ घरातील बाई होती ते तिच्या स्मरणावर अवलंबून राहिले.

परंपरेची स्वतःची जतनव्यवस्था

तरीही ही ओवी शतकानुशतके टिकली. लेखनाचा आधार नसलेली गीते टिकतात ती योगायोगाने नव्हे. त्यामागे समाजाने घडविलेली एक व्यवस्था असते आणि तिचे स्वरूप समजल्याशिवाय जतनाच्या आधुनिक प्रयत्नांचे मूल्यमापन करता येत नाही.

या व्यवस्थेचा पहिला घटक म्हणजे काम. कोंबडा आरवण्यापूर्वी दळण सुरू होई. बहुधा सासू-सून, जावा-जावा किंवा मायलेकी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. एका हाताने खुंटा धरावयाचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात धान्याची मूठ घालावयाची, या लयीवर ओवी चाले. ज्वारी-बाजरीचे पीठ फार दिवस साठवून ठेवता येत नसल्याने दळण रोजचे होते. त्यामुळे ओवीची उजळणीही रोजची होती. शेजारी निजलेल्या वा आईच्या मांडीवर डोके ठेवलेल्या मुलीच्या कानावर ती आपोआप पडे. वेगळे शिक्षण द्यावे लागत नसे.

दुसरा घटक म्हणजे रचनेची लवचीकता. स्त्रियांची ओवी सामान्यतः दोन छोट्या ओळींची, यमकाने बांधलेली असते. ठरावीक शब्दबंध, ठरावीक प्रतिमा आणि हवे तेथे घालता येणारी नावे यांमुळे प्रत्येकीला ती आपलीशी करता येते. कोणी आपल्या भावाचे नाव घालते, कोणी लेकाचे, कोणी आपल्या गावाचे. सासर-माहेर, भाऊबीज, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, शेतातील पीक, दुष्काळ, सवत, वैधव्य असे जीवनातील जवळजवळ सर्व विषय तीत येतात. चारचौघांत बोलता न येणारी गोष्ट जात्यापाशी बोलता येते, कारण तेथे ऐकणारी दुसरी बाईच असते.

तिसरा घटक म्हणजे विवाहामुळे होणारे स्थलांतर. मुलगी एका गावात जन्मते आणि दुसऱ्या गावात नांदते. तिच्याबरोबर तिच्या आईच्या ओव्या जातात आणि सासरच्या ओव्यांत मिसळतात. म्हणून एखादी ओवी अमुक गावाची असे म्हणणे कठीण असते. घोडेगावच्या जात्यावर गोदाकाठच्या पैठण-गंगापूरकडची ओवी ऐकू आली असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

चौथा घटक विधीचा आहे. लग्नघरी जात्याची पूजा करून हळद दळण्याचा प्रघात आजही अनेक ठिकाणी पाळला जातो. रोजचे दळण थांबल्यानंतरही या विधीने काही गीतांना आश्रय दिला. विधीशी जोडलेली गीते श्रमाशी जोडलेल्या गीतांपेक्षा अधिक काळ टिकतात, असे यावरून म्हणता येईल. मात्र विधीत जी गीते येतात ती मांगल्याची असतात. सासरच्या जाचाची, भुकेची, एकटेपणाची ओवी लग्नमंडपात गाइली जात नाही. रोजच्या दळणाबरोबर सर्वप्रथम धोक्यात आली ती हीच ओवी.

जाते थांबले

जात्याचा वापर थांबण्याची प्रक्रिया एकाएकी घडली नाही. प्रथम तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या मोठ्या गावांत आणि बाजारपेठांत आल्या. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० नंतरच्या ग्रामीण विद्युतीकरणाने गिरणी लहान गावांपर्यंत पोहोचली. घोडेगावसारख्या हमरस्त्यावरील बाजाराच्या गावाला हा बदल आडवळणाच्या वाड्यावस्त्यांपेक्षा लवकर अनुभवावा लागला असणार, हे सहज समजण्यासारखे आहे.

याच काळात नेवासे तालुक्याची शेतीही बदलत होती. हा भाग पर्जन्यछायेतील. ज्वारी-बाजरी ही येथील मुख्य पिके. मुळा धरणाचे काम १९७२ च्या सुमारास पूर्ण होऊन उजव्या कालव्याचे पाणी राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी या तालुक्यांकडे वळले. भेंडे आणि सोनई येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या शेतीने कामाचे वेळापत्रक, मजुरीचे स्वरूप आणि घरातील आहार यांवर परिणाम केला. १९७२ च्या दुष्काळात असंख्य स्त्रिया दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास गेल्या. घराबाहेरील श्रम वाढले आणि पहाटेच्या दळणासाठी उरलेली ताकद व वेळ कमी झाला.

जात्याबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेला व्यवसायही गेला. जात्याची तळी गुळगुळीत झाली की तिला टाकी लावावी लागे. हे काम करीत गावोगाव फिरणाऱ्यांत टकारी समाज प्रमुख होता. त्याचे नावच टाकीवरून पडले. याच जिल्ह्याच्या ग्रामव्यवस्थेचे जवळून निरीक्षण केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात बलुत्या-अलुत्यांचे आणि फिरस्त्या समाजांचे जे जग दिसते, त्याच्याशी जात्याचेही नाते होते. म्हणून ओवीच्या लोपाचा विचार केवळ एका गीतप्रकाराचा लोप म्हणून करणे अपुरे ठरते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. दळण हे अत्यंत कष्टाचे काम होते. दिवसभर शेतात राबणाऱ्या, बाळंतपणातून उठलेल्या, आजारी असलेल्या स्त्रीलाही ते चुकत नसे. ओव्यांतील कितीतरी आशय या कष्टांच्या तक्रारीचाच आहे. गिरणी आली तेव्हा स्त्रियांनी तिचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. गीत टिकावे म्हणून श्रम टिकावेत, अशी अपेक्षा कोणत्याही अभ्यासकाला करता येणार नाही. जतनाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्या श्रमाने गीताला जन्म दिला तो श्रम नाहीसा झाल्यावर गीताला कोणता आधार द्यावयाचा?

संकलनाचे टप्पे

महाराष्ट्रातील लोकगीतसंकलनाचा आरंभ स्त्रियांच्या गीतांपासून झाला नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. हॅरी आर्बुथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी संकलित केलेला पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला. १८९४ साली ॲक्वर्थ यांनी निवडक पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले. पुढे १९२८ मध्ये य. न. केळकर यांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’ या संग्रहाने हे कार्य अधिक चिकित्सकपणे पुढे नेले. पोवाडा हा पुरुषांनी, चारचौघांत, राजे-सरदारांच्या पराक्रमाविषयी गाइलेला प्रकार. त्याला इतिहासाचे साधन म्हणून मान्यता मिळाली. त्याच काळात प्रत्येक घरात रोज गाइली जाणारी ओवी मात्र संकलकांच्या नजरेस पडली नाही. तीत लढायांच्या तिथी नव्हत्या आणि ती पहाटे माजघरात गाइली जात होती.

दुसऱ्या टप्प्यात ही उणीव भरून निघू लागली. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात ओव्यांचा मोठा संग्रह सादर केला. भाऊ-बहीण, माहेर, अपत्यप्रेम अशा विषयांनुसार त्यांनी ओव्यांची मांडणी केली आणि त्यांतील भावजीवन सुशिक्षित वाचकांपुढे आणले. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांसाठी राखून ठेवलेला शब्द स्त्रियांच्या गीतांना लावण्यात त्यांचे संशोधन आणि त्यांची भूमिका दोन्ही दिसून येतात. १९५६ साली दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या ग्रंथाने या अभ्यासाला मराठीत सैद्धांतिक बैठक दिली.

तिसरा टप्पा शासकीय प्रयत्नांचा आहे. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने, विशेषतः डॉ. सरोजिनी बाबर यांच्या प्रदीर्घ नेतृत्वाखाली, लोकसाहित्य मालेचे अनेक खंड प्रकाशित झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतून ओव्या, उखाणे, लग्नगीते, भोंडल्याची गाणी, कहाण्या असे साहित्य गोळा झाले. आज जे साहित्य छापील स्वरूपात उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग या कार्यामुळे टिकला. याच काळात आणि त्यानंतर डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाडा आणि लगतच्या प्रदेशातील लोकसाहित्याचा, गावगाड्याबाहेरच्या समाजांच्या परंपरांचा अभ्यास केला. २०२३ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले. लोकसाहित्य समाजाच्या जीवनव्यवस्थेपासून वेगळे काढून अभ्यासता येत नाही, ही जाणीव त्यांच्या लेखनाने दृढ केली.

चौथा टप्पा पुण्यातील गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या कार्याचा आहे. मूळचे फ्रान्सचे असलेले पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी राईरकर यांनी १९८० च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातील गरीब स्त्रियांच्या संघटन-प्रबोधनाच्या कामातून ओव्यांकडे लक्ष वळविले. ग्रामीण स्त्रिया एकत्र येऊन आपल्या अनुभवाविषयी बोलू लागल्या तेव्हा त्या सहजपणे ओवीचा आधार घेत, हे त्यांच्या ध्यानात आले. संकलनाचे कामही गावातील कार्यकर्त्या स्त्री-पुरुषांनीच प्रामुख्याने केले. १९९० च्या दशकात संगीतशास्त्र आणि संगणक या दोन्हींचे जाणकार असलेले बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदी यांची जोड मिळाली. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक गायिकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या या संग्रहात आहेत. शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्यात समाविष्ट आहे. पॉइटवँ यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. त्यानंतर हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ या संस्थेने स्वीकारला आणि २०१७ पासून ओव्यांचे शब्द, ध्वनी, भाषांतर आणि गायिकांची माहिती टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली केली. जुन्या गायिकांचा पुन्हा शोध घेऊन त्यांच्या भेटी घेण्यात आल्या, ही या कार्यातील विशेष उल्लेखनीय बाब होय.

संकलनाची चिकित्सा

या चार टप्प्यांची तुलना केली असता असे दिसते की, प्रत्येक पद्धतीने ओवीचा एक अंश टिकविला आणि दुसरा गमावला.

पहिला मुद्दा गायिकेच्या नावाचा. छापील संग्रहांत ओवी येते, परंतु ती कोणी म्हटली याची नोंद क्वचितच सापडते. लोकसाहित्य हे समूहाचे असते, त्याला व्यक्तिकर्ता नसतो, या सिद्धान्ताचा हा परिणाम होता. सिद्धान्त म्हणून तो चुकीचा नाही. तथापि एखादी ओवी निवडणारी, तीत आपल्या भावाचे नाव घालणारी, तिचा क्रम बदलणारी स्त्री ही विशिष्ट व्यक्तीच असते. तिचे नाव गाव-जातीसह नोंदविले गेले नाही, तर ओवी इतिहासाचे साधन म्हणून फार कमी उपयोगी पडते. पोवाड्याच्या शाहिराचे नाव शोधण्यासाठी संशोधकांनी जे परिश्रम घेतले ते ओवीच्या बाबतीत घेतले गेले नाहीत.

दुसरा मुद्दा निवडीचा. मध्यमवर्गीय वाचकांसाठी संग्रह तयार करताना वात्सल्य, भक्ती आणि माहेरची ओढ यांना स्वाभाविकपणे प्राधान्य मिळाले. सासऱ्याचा धाक, नवऱ्याची मारहाण, सावकाराचे कर्ज, जातीचा अपमान यांविषयीच्या ओव्या त्यामानाने कमी आल्या. पॉइटवँ-राईरकर यांच्या संग्रहात दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी रचलेल्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. २० व्या शतकातील एका राजकीय-सामाजिक चळवळीने जुन्या छंदात प्रवेश केला, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. ओवी ही केवळ पूर्वापार चालत आलेली ठेव नसून स्त्रिया तीत समकालीन इतिहासाची भर घालत होत्या, हे त्यावरून सिद्ध होते. संकलकाने केवळ ‘जुन्या’ ओव्यांचाच आग्रह धरला असता, तर हा पुरावा नष्ट झाला असता.

तिसरा मुद्दा चालीचा. कागदावर ओवीच्या दोन ओळी उरतात. प्रत्यक्ष गाताना शब्दांची पुनरावृत्ती होते, मध्ये संबोधने आणि पालुपदे येतात, श्वास जात्याच्या फेऱ्याशी जुळतो. ध्वनिमुद्रणाने हे टिपले. परंतु ध्वनिमुद्रणालाही मर्यादा आहेत. मुद्रणाच्या वेळी बहुतेक स्त्रिया धान्य न दळता, संकलकासमोर बसून गात होत्या. कोणासाठी गावयाचे हे बदलले की काय गावयाचे हेही काही प्रमाणात बदलते. शिवाय फिती खराब होतात, त्या वाजविणारी यंत्रे कालबाह्य होतात आणि संगणकीय धारिकाही दर काही वर्षांनी नव्या स्वरूपात उतरवून घ्याव्या लागतात. याच कारणासाठी ध्वनिमुद्रणांच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असणे आवश्यक असते. १९८२ साली पुण्यात सुरू झालेल्या आणि नंतर दिल्ली परिसरात गेलेल्या ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’सारख्या संस्थांचे महत्त्व यात आहे.

चौथा मुद्दा हक्काचा. ज्या स्त्रीने ओवी दिली तिला त्या संग्रहाची प्रत मिळाली का, तिच्या मुलानातवंडांना ती ऐकता येते का, तिने खाजगीत सांगितलेले दुःख प्रसिद्ध करण्यास तिची संमती होती का, हे प्रश्न जुन्या संकलनात विचारलेच गेले नाहीत. युनेस्कोने २००३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी करार स्वीकारला आणि भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. त्या करारात वारसा धारण करणाऱ्या समाजाच्या सहभागावर भर दिला आहे. म्हणजे समाजाकडून घेणे पुरेसे नाही, समाजाकडे परत जाणेही जतनाचाच भाग आहे.

घोडेगाव परिसरातील कार्याची दिशा

वरील विवेचनाच्या आधारे स्थानिक पातळीवरील कामाची दिशा निश्चित करता येते. या कामात महाविद्यालयांचे स्थान मोलाचे आहे. संकलनासाठी लागणारे मनुष्यबळ, म्हणजे ग्रामीण विद्यार्थी, त्यांच्याकडेच आहे आणि ज्यांच्याकडून संकलन करावयाचे त्या या विद्यार्थ्यांच्याच आज्या-पणज्या आहेत.

सर्वांत निकडीची बाब काळाची आहे. ज्यांनी तरुणपणी खरोखर रोज जाते ओढले, त्या स्त्रिया आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्यानंतरच्या पिढीने ओवी ऐकली, परंतु दळता दळता म्हटली नाही. म्हणून पहिल्या पिढीचे ध्वनिमुद्रण हे इतर सर्व उपक्रमांच्या आधी व्हावयास हवे. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने हे काम वाटून घेतल्यास कोणत्याही मोठ्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असलेला भ्रमणध्वनी हे प्राथमिक मुद्रणासाठी पुरेसे साधन आहे.

दुसरी बाब नोंदीच्या पद्धतीची. प्रत्येक ओवीबरोबर गायिकेचे नाव, अंदाजे वय, माहेर, सासर, जात, ओवी कोणाकडून शिकली, केव्हा म्हटली जाई, ही माहिती तिच्या संमतीने नोंदवावी. माहेरची नोंद विशेष महत्त्वाची आहे. नेवासे तालुका नगर जिल्हा आणि मराठवाडा यांच्या सीमेवर आहे. कोणती ओवी कोणत्या दिशेने आली हे माहेरच्या नोंदींवरून कळू शकेल आणि त्यावरून प्रदेशातील सोयरिकीचा, भाषिक देवघेवीचा इतिहास उभा करता येईल. बोलीतील उच्चार जसेच्या तसे लिहून घ्यावेत. प्रमाणभाषेत ‘शुद्ध’ करण्याचा मोह टाळावा. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण त्या ग्रंथाला एक मूळ पाठ होता. जात्यावरील ओवीला असा मूळ पाठ नसतो. तिचे प्रत्येक रूप हे मूळच असते.

तिसरी बाब गटागटांत विभागलेल्या गावाची आहे. ‘गावाची लोकगीते’ असे म्हणताना बहुधा गावाच्या मध्यभागी राहणाऱ्या समाजांची गीते गृहीत धरली जातात. दलित वस्ती, भटक्या-विमुक्तांची पाले, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबे यांच्याकडे स्वतंत्र गीतपरंपरा आहेत. विशेषतः १९ व्या शतकापासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य ज्या जिल्ह्यात झाले, तेथे ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांनी जात्यापाशी काय गाइले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो. जवळच्या वडाळ्यासारख्या मिशनच्या जुन्या ठाण्यामुळे या परिसरात तो प्रश्न अधिक अर्थपूर्ण ठरतो.

चौथी बाब परतफेडीची. संकलित ध्वनिमुद्रणाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक गावाच्या वाचनालयात वा ग्रामपंचायतीत आणि एक गायिकेच्या घरी असावी. स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून रिकामे जाते फिरविण्याचे कार्यक्रम होतात. त्यांनी कौतुक होते, पण परंपरा पुढे जात नाही. त्याऐवजी विद्यार्थिनींनी आपल्याच आजीच्या ओव्या ऐकून, त्यांचा अर्थ तिच्याकडून समजून घेऊन, त्यांवर लेखन केले तर ओवीचा दुवा दोन पिढ्यांत पुन्हा जुळू शकेल. ओवीत आलेले पीक, दागिने, नाती, आजार, रस्ते, बाजार हे सारे स्थानिक इतिहासाचे साहित्य आहे. घोडेगावच्या बाजाराचा इतिहास उलाढालीच्या आकड्यांत सापडेल. त्या बाजाराला भावाची बैलजोडी गेली तेव्हा बहिणीला काय वाटले, हे मात्र सापडलेच तर ओवीतच सापडेल.

समारोप

जात्यावरील ओवीच्या जतनाचा इतिहास हा एका अर्थाने इतिहासलेखनाच्या दृष्टीत होत गेलेल्या बदलाचा इतिहास आहे. आरंभी पराक्रमाचे पोवाडे जपले गेले, नंतर स्त्रियांचे भावविश्व, त्यानंतर प्रदेशाचे लोकसाहित्य आणि अखेरीस नाव-गाव असलेली गाणारी स्त्री. हा क्रम उलटा झाला असता तर आज आपल्याजवळ कितीतरी अधिक साधने असती. त्याविषयी खंत करीत बसण्यापेक्षा जे अद्याप हाती आहे ते नोंदविणे अधिक श्रेयस्कर होय.

ओवी पूर्वीसारखी पुन्हा गाइली जाणार नाही. तशी अपेक्षा करणे जात्याच्या कष्टांतून सुटलेल्या स्त्रियांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु गाणारी स्त्री हयात असताना तिचे ऐकणे, तिच्या नावानिशी ते लिहून ठेवणे आणि ते तिच्या लेकी-नातींच्या हाती देणे, एवढे कर्तव्य या परिसरातील शिक्षणसंस्थांना टाळता येणार नाही. ज्या तालुक्यात ओवीने ग्रंथाचे रूप घेतले, त्याच तालुक्यात तिच्या घरगुती रूपाची नोंदही न राहणे ही इतिहासाच्या दृष्टीने मोठी उणीव ठरेल. ती भरून काढण्यासाठी उपलब्ध असलेला काळ आता वर्षांत मोजावा इतका थोडा राहिला आहे.